झाकणाखालचा विस्तव

मे महिन्यातला शेवटचा सोमवार म्हणजे अमेरिकेतला मेमोरियल डे. युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. सकाळी दफनभूमीत थडग्यांपाशी छोटे झेंडे लागतात आणि दुपारनंतर घरोघरच्या परसातून धूर निघू लागतो. पुढे ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन, आणि शेवट सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला. एवढा या धुराचा मोसम. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला धाकट्या भावाकडे राहत होते तेव्हा संध्याकाळी फिरायला निघालं की हा वास गल्लीभर असायचा. बहुतेक घरांचा वास तासाभरात विरून जाई. भावाच्या मागच्या कुंपणापलीकडून मात्र सुटीच्या दिवशी तो सकाळपासूनच येई, आणि त्यात लाकडाचा गोडसर, खोल असा काहीतरी अंश असे.

“ताई, ते सात वाजताच लागतात कामाला,” भावजय म्हणाली. “चार जुलैला जाऊन बसा त्यांच्याकडे. कुणी विचारलं की त्यांना आवडतं.”

म्हणून गेले. शेजारचे हे गृहस्थ सत्तरीचे, कृष्णवर्णीय, शिकागोच्या सिटी बसवर हयातभर चालक होते. त्यांचे वडील १९४०च्या दशकात मिसिसिपी राज्य सोडून उत्तरेला आले. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिणेतली राज्यं सोडली, त्या लोंढ्यातलं हे एक घर. वडिलांना शिकागोच्या युनियन स्टॉकयार्ड्समध्ये मांस कापण्याचं काम मिळालं. १८६५ साली सुरू झालेला आणि १९७१ साली बंद पडलेला हा जनावरांचा अवाढव्य बाजार आणि त्याला लागून असलेले कत्तलखाने, यांच्यावर शिकागो शहर मोठं झालं. “बरगड्यांचे जे तुकडे कुणी विकत घेत नसे, ते वडील घरी आणत,” ते म्हणाले. शिकागोच्या साउथ साइडला आज बरगड्यांच्या टोकाचे हेच तुकडे, ‘रिब टिप्स’, काचेच्या पेटीसारख्या भट्टीत धुरावर शिजवून विकतात आणि लोक त्यासाठी लांबून येतात.

विस्तव पेटवायचं काम मी सुरुवातीपासून पाहिलं. कोळसा म्हणजे बाजारातल्या उशीच्या आकाराच्या वड्या. धातूचं एक उभं नळकांडं असतं, त्याला चिमणी म्हणतात. तळाशी वर्तमानपत्राचे बोळे, वर वड्या, आणि काडी लावायची. पेटवण्यासाठी ओतायचं रॉकेलसारखं द्रव दुकानात मिळतं. यांच्या घरात त्याला मज्जाव आहे, कारण त्याचा वास मांसाला लागतो. वीसेक मिनिटांत वरच्या वड्यांवर राखाडी साय धरते. मग निखारे भांड्याच्या एकाच बाजूला ओततात, दुसरी बाजू रिकामी ठेवतात. रिकाम्या बाजूवर बरगड्या, निखाऱ्यांवर हिकरी लाकडाचे दोन ठोकळे, वर झाकण. झाकणाला एक झरोका आणि तळाला एक. सगळी कला या दोन झरोक्यांत आहे. हवा जास्त गेली तर आच भडकते, कमी पडली तर विस्तव गुदमरतो आणि धूर कडवट होतो. ते झरोक्याची पत्री बोटाच्या पेराएवढी सरकवत आणि मग बराच वेळ काहीच करत नसत. मुलं झाकण उघडून बघायला धावली की त्यांना अडवत. उघडलं की साठलेली धग निघून जाते आणि तितकं शिजणं लांबतं.

ते गोल, काळं, तीन पायांचं भांडंही शिकागोचंच. १९५२ साली वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफननं पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचे धातूचे अर्धगोल घेतले, एकात कोळसे घातले, दुसऱ्याचं झाकण केलं. तोवर उघड्या चुलाण्यावर वारा आणि पाऊस जेवण ठरवत. कोळशाच्या वड्यांचं पेटंट १८९७ इतकं जुनं, पण त्या घरोघरी पोचवल्या हेन्री फोर्डनं. मॉडेल टी गाडीला लाकूड भरपूर लागे आणि मिशिगनमधल्या त्याच्या गिरण्यांत तुकडे नि भुसा साठत जाई. १९२०च्या दशकात त्याचा कोळसा करून, स्टार्चनं बांधून त्यानं वड्या पाडल्या आणि मोटारींच्या दुकानातून विकल्या. कारखान्यासाठी जागा शोधून देणारा एडवर्ड किंग्जफर्ड हा त्याचा नातलग. आज पिशवीवर नाव त्याचं आहे.

बारा वाजून गेल्यावर दुसऱ्या खेपेचे कोळसे पडले आणि मला पुन्हापुन्हा आठवतो तो क्षण आला. त्यांनी उजवा तळवा जाळीच्या पाचेक इंच वर धरला आणि हलक्या आवाजात मोजू लागले, “वन मिसिसिपी, टू मिसिसिपी...” तिसऱ्याला हात मागे आला. म्हणजे आच तेज, बर्गरची पॅटी टाकायला योग्य. मग रिकाम्या बाजूवर तोच तळवा. तिथे ते आठपर्यंत गेले. भाकरी टाकण्याआधी तव्यावर पाण्याचा शिपका मारून ऐकणाऱ्या बाईचा अंदाज जसा, तसा हा. अमेरिकेत मुलं लपंडाव खेळतानाही सेकंद असेच मोजतात, शब्द लांब म्हणून एक सेकंद बरोबर भरतो. पण ज्या राज्यातून त्यांचे वडील जीव मुठीत धरून निघाले, त्याचं नाव घेत तो हात विस्तवावर धरलेला पाहताना मला दुसरं काही सुचेना.

हाताचा भरवसा असलेला हा माणूस एका बाबतीत मात्र हातावर विसंबत नाही. बर्गरच्या पॅटीत तो टोकदार थर्मामीटर खुपसतो आणि आकडा मोठ्यानं सांगतो. “एकशे साठ.” फॅरनहाइट, आपले ७१ अंश. अमेरिकी कृषिखात्यानं खिम्यासाठी घालून दिलेली ही मर्यादा. अख्ख्या तुकड्याचे जंतू वरच्या अंगाला असतात, ते भाजताना मरतात. खिमा करताना मात्र बाहेरचं आत जातं. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधून ई. कोलायची साथ आली, शेकडो लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. त्या वर्षी यांची मुलगी लहान होती. रंगावर जाऊ नका, तपकिरी दिसलं तरी आत कच्चं असतं, असं ते नातवाला सांगत होते. नातू चौदा वर्षांचा, त्याच्या हाती पहिल्यांदाच चिमटा आलेला. तो प्रत्येक पॅटीपाशी थांबून आजोबांकडे बघे आणि ते म्हणत, “एकशे साठ.” कोंबडीच्या मांड्यांसाठी एकशे पासष्ट. पण दिवसभर कानात राहिला तो एकशे साठच.

वासाविषयी मी विचारलं. लाकूड जाळून केलेल्या कोळशाला स्वतःचा वास फारसा उरत नाही, तो कोळसा होतानाच निघून जातो. परसात दरवळतो तो चरबीचा वास. थेंब निखाऱ्यावर पडतो, जळून वाफ होतो आणि उलटा वर येऊन मांसालाच चिकटतो. म्हणून गॅसवर तो वास हलका पडतो. आज अमेरिकेच्या परसांत गॅसच्या ग्रिलचं राज्य आहे, आणि सोय म्हणून मला ते समजतं. बटण फिरवलं की दहा मिनिटांत जेवण. पण गॅसपाशी कुणी उभं राहत नाही. इथे सकाळपासून गल्लीतले लोक येऊन कोळशाभोवती थांबत, दोन शब्द बोलत, जात. संध्याकाळी एवढी माणसं जेवायला जमली, त्यांची ओळख त्या रिकाम्या तासांतच पक्की झालेली होती.

अमेरिकेतल्या जाहिराती या सणाची एक ठरावीक गोष्ट सांगतात. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले, स्वस्त कर्जावर उपनगरात घरं मिळाली, मागे हिरवळ आली आणि एप्रन बांधलेला बाप कोळशापाशी उभा राहिला. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. १९४७ साली न्यूयॉर्कजवळ वसू लागलेल्या लेव्हिटाउनच्या करारात गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहू नये असं कलम होतं. अपवाद घरकामाच्या नोकरांचा. आणि ४ जुलैला विस्तवावर मांस भाजायची प्रथा उपनगरांच्या कितीतरी आधीची आहे. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेत स्वातंत्र्यदिनाला गावजेवण असे. जमिनीत चर खणत, निखारे पसरत, त्यावर अख्खे बैल आणि डुकरं आडवी घालत. रात्रभर ते निखारे राखणारे, मांस उलटणारे, त्यावर मसाला फिरवणारे हात बहुतेक गुलामांचे. १९३०च्या दशकात सरकारी प्रकल्पात गुलामीतून सुटलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. साउथ कॅरोलायनातल्या वेस्ली जोन्स यांनी त्यात रात्रभर जागून मांसावर लावत असलेल्या रसाची कृती सांगितली आहे. व्हिनेगर, काळी आणि लाल मिरी, लोणी, कांदा, लसूण, आणि त्यात धनेसुद्धा. ज्यांच्या स्वातंत्र्याची पंगत होती ते सकाळी येऊन जेवत. फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ साली रॉचेस्टरच्या भाषणात, हा तुमचा चार जुलै गुलामाचा कसा, असा थेट सवाल केला होता.

शेजारच्या गृहस्थांच्या घरी विस्तव १९ जूनलाही पेटतो. १८६५ साली त्या दिवशी टेक्सासच्या गॅल्व्हस्टनमध्ये गुलामीच्या अंताची घोषणा वाचली गेली. २०२१ पासून जूनटीन्थ ही राष्ट्रीय सुटी आहे. “मला विचाराल तर १९ जून आधी, चार जुलै नंतर,” ते म्हणाले. “पण बरगड्या दोन्ही दिवशी सारख्याच.”

बाकी पंगत पटकन उरकते. कोलस्लॉ, बटाट्याचं सॅलड, गोडसर बीन्स, सालासकट भाजलेली मक्याची कणसं. मुलांसाठी शिकागो पद्धतीचे हॉट डॉग. त्यांवर मोहरीचं पिवळं सॉस, कांदा, टोमॅटो, लोणच्यातली काकडी आणि मिरच्या, पण केचप मात्र चालत नाही. माझी भावजय शाकाहारी. तिच्यासाठी कोपऱ्यात एक लहान ग्रिल स्वतंत्र होतं. त्याच्या जाळीला मांस कधीच लागलेलं नाही, चिमटाही वेगळा, आणि त्यावर पनीर, सिमला मिरची नि कणसं. हे भावानं कधी सांगितलेलं नव्हतं. नवे शेजारी जेवायला येणार म्हणून त्यांनीच ते एक वर्षी आणून ठेवलं. कुठल्याही भाषणापेक्षा मला त्या छोट्या जाळीत पाहुणचार जास्त दिसला.

ते स्वतः सगळ्यात शेवटी जेवले. त्याआधी दोन्ही झरोके बंद करून विस्तव कोंडला. राख दुसऱ्या दिवशीही पोटात निखारा धरून असते, म्हणून ती गार झाल्याची खात्री पटली तरच धातूच्या झाकणबंद बादलीत काढायची. पाऊस आला तरी ग्रिल गॅरेजमध्ये ओढून घ्यायचं नाही, हे नातवाला त्यांनी दोनदा बजावलं. आपल्याकडे थंडीत खोली बंद करून शेगडी पेटवणाऱ्यांचा जीव ज्या कार्बन मोनॉक्साइडनं जातो, तोच वायू इथेही.

उन्हाळ्यात मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणारे आपले खूपजण असतात आणि अशी आमंत्रणं येतातच. आपण काय खाणार या संकोचानं ती टाळू नका. काय खात नाही ते आधी मोकळेपणी सांगा. जेवायच्या वेळेला न पोचता कोळसे पेटतात तेव्हा जा, विस्तव राखणाऱ्यापाशी उभे राहा, त्याला त्याच्या वडिलांबद्दल विचारा. आणि जाताना बर्फाची एक मोठी पिशवी न्या. ती प्रत्येक घरी कमी पडते.