पर्सेंटाईल नक्की सांगतं काय? दहावी-बारावीवाल्यांसाठी एक भाग

नेहमीसारखंच, ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिहिलेलं रूप. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'अं... म्हणजे...' तेवढं काढलंय.

हल्ली येणाऱ्या व्हॉइस नोट्स बहुतेक दहावी-बारावीच्या मुलामुलींच्या असतात. शब्द वेगळे, प्रश्न साधारण एकच. "दादा, क्लासच्या मॉकमध्ये ८५ पर्सेंटाईल पडतायत. घरी सगळे म्हणतात ९५ तरी हवेत. माझं काही होईल का?"

या प्रश्नाचं 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर मी देणार नाही. पण ८५ हा आकडा कुठून येतो आणि त्यावर किती अवलंबून असतं, हे नीट उलगडून सांगता येईल. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. एखादा आकडा स्क्रीनवर दिसला की आधी तो कसा काढलाय ते बघायचं, ही आमची सवय. आज तेच करू.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत

एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट घ्या. पेपर २०० मार्कांचा. फिजिक्स ५० प्रश्न, केमिस्ट्री ५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. मॅथ्स ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क. वेळ ९० अधिक ९० मिनिटं. परीक्षा कॉम्प्युटरवर, अनेक दिवस, वेगवेगळ्या सत्रांत चालते. आता सोमवारी सकाळचा पेपर आणि बुधवारी दुपारचा पेपर सारखाच अवघड असेल असं कोण म्हणेल? म्हणून मार्कांची थेट तुलना करत नाहीत, पर्सेंटाईल काढतात.

सूत्र सोपं आहे. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क मिळालेले किती जण, भागिले त्या सत्रात बसलेले एकूण किती, गुणिले १००. समजा सत्रात २०,००० मुलं होती आणि १७,००० जणांना तुमच्याइतके किंवा कमी मार्क पडले, तर तुमचं पर्सेंटाईल ८५. म्हणजे तुमच्या पुढे ३,००० जण. बस, एवढंच. यात 'तुला ८५ टक्के येतं' असं कुठेही म्हटलेलं नाही. पेपर अवघड असेल तर निम्म्या मार्कांवरही पर्सेंटाईल खूप वर जाऊ शकतं. पर्सेंटाईल तुमची हुशारी मोजत नाही. त्या दिवशीच्या रांगेत तुम्ही कुठे उभे होतात, तेवढं ते सांगतं.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात.

पहिली, क्लासच्या मॉकचं पर्सेंटाईल आणि खऱ्या परीक्षेचं पर्सेंटाईल या दोन वेगळ्या रांगा. क्लासच्या टॉप बॅचमध्ये सगळे तयारीचेच गडी. तिथला ७० वा खऱ्या परीक्षेत बराच वर असू शकतो. उलटंही होतं, म्हणून मॉकमध्ये ९८ आले तरी लगेच पेढे वाटू नका. मॉकमधून घ्यायची ती एकच गोष्ट: कुठले प्रश्न चुकले आणि का चुकले.

दुसरी, रांगेत जिथे गर्दी जास्त तिथे चार-पाच प्रश्नांनी जागा खूप हलते. एकाच मार्काभोवती शेकडो जण उभे असतात ना! अगदी टोकाला, ९९ च्या पुढे, गर्दी विरळ असते. तिथे अर्धा पर्सेंटाईल वर जायलाही बरेच जास्त मार्क लागतात. म्हणून मधल्या टप्प्यातल्या मुलांनी सगळा सिलॅबस पुन्हा पहिल्यापासून काढण्यापेक्षा 'येत होतं पण चुकलं' असे प्रश्न कमी केले तर जास्त फायदा होतो.

सीईटीबद्दल आणखी एक. इथे निगेटिव्ह मार्किंग नाही. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईई मेनमध्ये मात्र बरोबर उत्तराला ४ आणि चुकीच्या एमसीक्यूला उणे १. दोन्हींची तयारी एकत्र करणाऱ्यांनी ही सवय परीक्षेनुसार बदलायला हवी. आणि सीईटीत अकरावीचं वजन साधारण २० टक्के, बारावीचं ८० टक्के असतं. उजळणीचं वेळापत्रक त्या हिशोबाने लावा.

वाचलं खूप, आठवत काहीच नाही

ही दुसरी तक्रार. हा दोष तुमच्या डोक्याचा नाही, पद्धतीचा आहे. हर्मन एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आपण सुरुवातीला फार झपाट्याने विसरतो, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. २००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे.

म्हणजे गंमत बघा. हायलायटर घेऊन धडा तिसऱ्यांदा वाचताना 'हे तर येतंय मला' असं वाटतं, तीच फसगत. डोळ्यांना ओळखीचं वाटणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर उतरवता येणं वेगळं. करायचं काय? धडा वाचला की पुस्तक मिटा, कोऱ्या पानावर जे आठवेल ते लिहा, मग उघडून लाल पेनाने गाळलेलं भरा. तोच धडा दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. कंटाळवाणं वाटतं आणि सुरुवातीला फार कमी आठवतं. पण ते आठवायला जो जोर लागतो ना, तोच खरा अभ्यास.

आणि झोप. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी सहाच्या बॅचला जाणं याला आपल्याकडे मेहनत म्हणतात. दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो. झोप कापली की सेव्ह बटण न दाबता लॅपटॉप बंद केल्यासारखं होतं.

दार एकच आहे असं कोण म्हणालं?

आता मुद्द्याचं. परीक्षेचा ताण प्रश्नपत्रिकेमुळे येतो त्यापेक्षा 'हे गेलं की सगळं गेलं' या समजुतीमुळे जास्त येतो. चौकातल्या फ्लेक्सवर टॉपर्सचे फोटो असतात. त्याच बॅचमधल्या बाकीच्यांचं पुढे काय झालं ते फ्लेक्सवर नसतं. म्हणून आपल्याला वाटतं की रस्ता एकच. कागद-पेन घ्या, आपण नकाशा काढू.

अकरावी-बारावी सायन्स, मग चार वर्षांची इंजिनीअरिंग डिग्री. दहावीनंतर सहा वर्षं.

दहावीनंतर पॉलिटेक्निक, तीन वर्षांचा डिप्लोमा. दहावीला किमान ३५ टक्के असले तरी अर्ज करता येतो, चांगल्या कॉलेजला अर्थातच जास्त लागतात. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी तीन वर्षं. एकूण? तेही सहाच! आणि या प्रवेशाला सीईटी लागत नाही, डिप्लोमाचे मार्क बघतात. डिप्लोमा म्हणजे वर्ष वाया, असं म्हणणाऱ्या काकांना हा हिशोब दाखवा.

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड, उदाहरणार्थ फिटर किंवा इलेक्ट्रिशियन. मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, पुढे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. दोन अधिक दोन अधिक तीन, म्हणजे सात. फक्त एक वर्ष जास्त, आणि मध्येच कुठेही थांबलात तरी हातात काम आहे.

बारावी सायन्स झाली पण सीईटी बिनसली? बीएससी कॉम्प्युटर सायन्स, मग दोन वर्षांचं एमसीए. सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये या रस्त्याने आलेले भरपूर लोक भेटतात. कोड रिव्ह्यू करताना कोणी कोणाची दहावीची मार्कशीट मागत नाही.

दहावीत एखाद-दोन विषय राहिले तर? त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते, आणि एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळतो.

सगळे रस्ते सारखेच सोपे आहेत असं मी म्हणत नाही. चांगल्या कॉलेजमध्ये संधी जास्त, हे खरंच आहे. डिप्लोमावाल्यांना डिग्रीत आल्यावर मॅथ्स जड जातं, हेही खरं. पण 'अवघड' आणि 'संपलं' यात खूप फरक आहे.

कॅप राउंड: इथे मार्क नाही, माहिती कमी पडते

सीईटीनंतर कॉलेजांची यादी भरताना बरेच जण एक गोष्ट उलटी करतात. 'मला मिळणार नाही' म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकतात किंवा टाकतच नाहीत. सिस्टीम कशी चालते ते समजून घ्या. मेरिटनुसार तुमचा नंबर आला की ती तुमची यादी वरून खाली तपासते आणि जिथे जागा मिळते तिथे थांबते. वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालच्या कॉलेजवरचा तुमचा हक्क जात नाही. म्हणून यादी कटऑफच्या क्रमाने न लावता खऱ्या आवडीच्या क्रमाने लावा. खाली चार-पाच सुरक्षित पर्याय ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या: पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावा लागतो. म्हणून पहिल्या नंबरवर तेच लिहा जे मिळालं तर तुम्ही खरंच जाल. पुढच्या फेऱ्यांचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा, व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये नाही.

बारावीकडे दुर्लक्ष करू नका. खुल्या गटाला पीसीएममध्ये ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव गटांना ४० टक्के नसतील, तर सीईटीचं पर्सेंटाईल कितीही असो, इंजिनीअरिंगला प्रवेश नाही.

कागदपत्रं आत्ताच काढा. डोमिसाईल, नॉन-क्रीमी लेयर, जात वैधता, जे लागू असेल ते. जून-जुलैत त्या ऑफिसांबाहेर काय रांग असते ते मोठ्या भावंडांना विचारा. आणि पैशांचा विषय घरी मोकळेपणाने काढा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'फी परवडणार नाही, राहू दे तिचं' असं म्हणण्याआधी हे घरात सगळ्यांना माहीत असायला हवं.

ताण डोक्यावरून जायला लागला तर

परीक्षेच्या आधी पोटात गोळा येणं, हात गार पडणं, हे सगळ्यांना होतं. पण दोन-दोन आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, मित्रांशी बोलावंसं वाटत नाही, 'मी नसलेलंच बरं' असे विचार येतात, तर हा अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही. त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. आईला, ताईला, एखाद्या सरांना. घरी बोलता येत नसेल तर टेलि-मानस, नंबर १४४१६. सरकारची सेवा आहे, फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असते. हा नंबर आत्ता सेव्ह करा. तुम्हाला लागला नाही तरी बाकावर शेजारी बसणाऱ्याला लागू शकतो.

आणि आई-बाबा ऐकत असतील तर त्यांना एकच विनंती. मॉकचा निकाल आला की 'किती पडले?' याच्या आधी 'काय चुकलं, कळलं का?' असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नाने मुलं निकाल लपवायला शिकतात. दुसऱ्याने चुका दाखवायला शिकतात, आणि चुका दाखवल्या तरच त्या दुरुस्त होतात.

तर मंडळी, आजचा होमवर्क. एक, आज वाचलेला एक धडा पुस्तक मिटून कोऱ्या पानावर लिहा. दोन, तुमच्या दारांचा नकाशा काढा, किमान तीन रस्ते, प्रत्येकापुढे किती वर्षं आणि साधारण किती पैसे. तीन, तो नकाशा घरच्यांसमोर ठेवा. चर्चा तापली तरी चालेल, निदान सगळे एकाच कागदाकडे बघून बोलतील.

पुढच्या भागात ब्रांच निवडण्याबद्दल बोलू: कॉम्प्युटरच का, आणि सिव्हिल-मेकॅनिकल खरंच 'संपलंय' का. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, एक मिनिटाच्या आत. आणि हो, फोन ठेवा आता. झोपा.