वेरूळचे ‘एक्स-व्ही-आय’ लेणे कोणते? ३४ लेण्यांच्या वाटेवर शिका रोमन अंक

सात अक्षरे, तीन नियम आणि वेरूळची ओळखीची लेणी. एवढ्या शिदोरीवर रोमन अंक वाचताही येतात आणि लिहिताही. समजून घेऊ सोप्या शब्दांत.

वेरूळच्या कैलास लेण्याचा क्रमांक १६, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण या लेण्यांवरची अनेक जुनी इंग्रजी पुस्तके उघडली, तर तिथे १६ हा आकडा दिसत नाही. दिसतात ती तीन इंग्रजी अक्षरे: एक्स, व्ही आणि आय. जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांचा भारतातील लेण्यांवरचा गाजलेला ग्रंथ १८८० मध्ये निघाला, तेव्हा चित्रफलकांचे क्रमांक रोमन अंकांत छापण्याची पद्धत सर्रास होती. ती पुस्तके आज मोबाइलवर वाचता येतात. अडचण येते ती फक्त आकड्यांची.

हीच अडचण घरातही येते. पाचवीच्या गणितात रोमन संख्याचिन्हे असतात, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना त्यावरचे प्रश्न सोडवावे लागतात आणि ‘बाबा, हे किती?’ असे विचारले की मोठी माणसे घड्याळाकडे बघू लागतात. खरे तर यात पाठांतर फार थोडे आहे.

या लेखात अक्षरांची नावे वर्गात बाई सांगतात तशी मराठीत दिली आहेत. कागद-पेन घ्या आणि प्रत्येक संख्या इंग्रजी मोठ्या अक्षरांत स्वतः लिहून पाहा. नुसते वाचण्यापेक्षा लिहिल्यावर हे लवकर डोक्यात बसते.

सात अक्षरे कोणती?

• आय = १
• व्ही = ५
• एक्स = १०
• एल = ५०
• सी = १००
• डी = ५००
• एम = १०००

वेरूळला क्रमांक दिलेली लेणी ३४ आहेत. त्यामुळे तिथे पहिली तीनच अक्षरे पुरतात. बाकीची चार लागतात ती पन्नाशीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या संख्यांना.

नियम किती आणि कोणते?

पहिला नियम ‘पलीकडे’चा. मोठ्या अक्षराच्या उजवीकडे लहान किंवा तेवढेच अक्षर आले की बेरीज करायची. व्ही-आय म्हणजे ५ आणि १, सहा. एक्स-एक्स म्हणजे वीस.

दुसरा नियम ‘अलीकडे’चा. मोठ्या अक्षराच्या डावीकडे लहान अक्षर आले की ते वजा करायचे. आय-व्ही म्हणजे पाचातून एक गेला, चार. आय-एक्स म्हणजे नऊ. मात्र ही वजाबाकी कोणीही कोणातूनही करायची नाही. आय हा फक्त व्ही आणि एक्समधून वजा होतो, एक्स हा एल आणि सीमधून, तर सी हा डी आणि एममधून. व्ही, एल आणि डी कधीच वजा होत नाहीत.

तिसरा नियम मर्यादेचा. आय, एक्स, सी आणि एम ही अक्षरे लागोपाठ जास्तीत जास्त तीनदा लिहितात. व्ही, एल आणि डी एका संख्येत एकदाच येतात. दोन व्ही लिहायची गरजच नाही, कारण त्यासाठी एक्स आहे.

काही घड्याळांच्या तबकडीवर चारसाठी चार उभ्या रेघा दिसतात. ती छपाईची चूक नसते. प्राचीन रोममध्ये चारसाठी चार रेघा लिहिण्याची रीतही होती आणि घड्याळांनी ती जपली. परीक्षेत मात्र आय-व्ही असेच लिहायचे.

लेण्यांवरून हे कसे लक्षात ठेवायचे?

वेरूळच्या लेण्यांचे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. या क्रमाने चालत निघालो आहोत असे समजा.

दहावे लेणे म्हणजे विश्वकर्मा, ज्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. क्रमांक साधा, एक्स. त्याच्या एक अलीकडचे नववे, म्हणून आय अलीकडे लिहायचा: आय-एक्स. एक पलीकडचे अकरावे, म्हणून आय पलीकडे: एक्स-आय. हे अकरावे लेणे ‘दोन ताल’ नावाने ओळखले जाते. त्याचा गाडला गेलेला तिसरा मजला १८७६ मध्ये उघडा झाला, तरी नाव दोन तालच राहिले. त्यापुढचे ‘तीन ताल’ बारावे, एक्स-आय-आय.

आता पंधरावे दशावतार लेणे घ्या, एक्स-व्ही. त्याच्या अलीकडे रावण की खाई, चौदावे: एक्स-आय-व्ही. पलीकडे कैलास, सोळावे: एक्स-व्ही-आय. चौदा आणि सोळा यांत अक्षरे तीच, आय आणि व्हीने फक्त जागा बदलली. मुलांची सर्वाधिक गल्लत इथेच होते. पंधराच्या अलीकडे की पलीकडे, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारला की गल्लत थांबते.

पुढे रामेश्वर लेणे एकविसावे, एक्स-एक्स-आय. जैन लेण्यांतली इंद्रसभा बत्तिसावी, म्हणजे तीन एक्स आणि दोन आय. शेवटचे चौतिसावे लेणे म्हणजे तीन एक्स आणि त्यापुढे आय-व्ही.

‘एकोणतीस’ लिहिताना गडबड का होते?

एकोणतिसावे लेणे म्हणजे धुमार लेणे. मराठीत एकोणतीस म्हणजे ‘एक उणा तीस’. त्यामुळे मराठी मुलगा सहज तीन एक्स काढतो आणि त्यांच्या अलीकडे एक आय ठेवतो. विचार बरोबर, उत्तर चूक.

रोमन पद्धतीत आधी दहांचे गठ्ठे वेगळे काढायचे आणि सुट्टे नंतर लिहायचे. २९ म्हणजे २० आणि ९. वीस म्हणजे एक्स-एक्स, नऊ म्हणजे आय-एक्स. एकत्र केले की एक्स-एक्स-आय-एक्स. एकोणीसही तसेच: १० आणि ९, म्हणून एक्स-आय-एक्स.

गंमत अशी, की खुद्द रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत एकोणिसाला ‘उनदेविगिंती’ म्हणत, अर्थात ‘विसातून एक’. बोलताना ते आपल्यासारखेच वजाबाकी करत, लिहिताना मात्र गठ्ठे मोडत नसत. आपल्याकडेही एक अपवाद आहे. एकोणनव्वद म्हणतो, पण ‘एकोणशंभर’ म्हणत नाही. म्हणतो नव्याण्णव, म्हणजे नऊ आणि नव्वद. रोमन अंकांतही ९९ असेच लिहितात: नव्वदसाठी एक्स-सी, नऊसाठी आय-एक्स. सीच्या अलीकडे थेट आय ठेवला तर गुण गेले.

मोठे सन कसे वाचायचे?

वेरूळ लेणी १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. हा सन गठ्ठ्यांनी फोडू. १००० म्हणजे एम. ९०० म्हणजे सी-एम. ८० म्हणजे एल-एक्स-एक्स-एक्स. ३ म्हणजे आय-आय-आय. सगळे सलग लिहिले की दहा अक्षरांचा सन तयार.

उलट वाचायचे असेल, तर संगणकाची रीत वापरा. डावीकडून एकेक अक्षर घ्या आणि त्याच्या उजव्या शेजाऱ्याकडे पाहा. शेजारी मोठा असेल तर हातातले अक्षर वजा, नाहीतर अधिक. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या सरावात हा प्रश्न ठरलेला असतो आणि त्याचे उत्तर एवढेच आहे. एक्सेलमध्ये ‘रोमन’ नावाचे तयार फंक्शनही आहे. ते ३९९९ पर्यंतच चालते, कारण ४००० लिहायला चार एम लागतील आणि नियम तीनचा आहे.

आय-एक्स आणि एक्स-आय यांत गल्लत झाली तर काय बिघडते?

लेणी पाहताना फार तर शेजारच्या लेण्यात जाल. इतर ठिकाणी तेवढ्यावर भागत नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी राज्यघटनेचा इंग्रजी मसुदा आठवावा. तिथे भागांना रोमन क्रमांक आहेत. आय-व्ही हा भाग राज्य धोरणाच्या निदेशक तत्त्वांचा, तर व्ही-आय राज्यांच्या कारभाराचा. आय-एक्स पंचायतींचा, तर एक्स-आय केंद्र-राज्य संबंधांचा. अक्षरे उलटी वाचली की अख्खा विषय बदलतो.

वैद्यकशास्त्रात तर हे आणखी गंभीर आहे. रक्त गोठवणारे घटक रोमन अंकांनी ओळखले जातात. आठवा घटक कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर हिमोफिलिया बी आणि अकरावा कमी असेल तर हिमोफिलिया सी. रुग्णाला नेमका कोणता घटक द्यायचा, हे त्या अंकावर ठरते. नातेवाइकांनी रिपोर्ट वाचताना किंवा फोनवर कोणाला सांगताना ‘नऊ’, ‘अकरा’ असे मराठीतच म्हणावे. ‘आय-एक्स’ म्हणताना अक्षरे मागेपुढे होण्याचा धोका राहतो.

मग हिशेबासाठी हे अंक का वापरत नाहीत?

रोमन अंकांत शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. आपल्या १६ मध्ये १ ची किंमत जागेमुळे दहा होते. रोमन एक्स कुठेही असला तरी दहाच. त्यामुळे एक्स-व्ही-आय गुणिले एक्स-आय-व्ही हा गुणाकार मांडून करता येत नाही. रोमन लोकही हिशेबाला मण्यांची पाटी वापरत आणि उत्तर अंकांत लिहून ठेवत.

आपल्याकडची सुरुवातही काहीशी अशीच होती. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांतल्या दक्षिणेचे आकडे ब्राह्मी अंकांत कोरले आहेत. तिथेही शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत आणि ती जोडून संख्या बनते. स्थानिक किंमत आणि शून्य पुढच्या शतकांत रुळले. ग्वाल्हेरच्या ८७६ च्या शिलालेखात २७० ही संख्या शून्यासह लिहिलेली दिसते. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, म्हणजे त्याआधी साधारण शंभर वर्षांचे. हीच भारतीय पद्धत पुढे अरबांमार्फत युरोपात पोहोचली. इटलीच्या फिबोनाचीने १२०२ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि हळूहळू हिशेबाच्या वह्यांतून रोमन अंक मागे पडले.

उरले ते नाव देण्याच्या कामी. घड्याळ, पुस्तकाच्या प्रस्तावनेची पाने, राजांची नावे, घटनेचे भाग, इंजिनिअरिंगच्या मुलांना धडकी भरवणारा ‘मॅथ्स-थ्री’. तिथे बेरीज-गुणाकार करायचा नसतो, क्रम सांगायचा असतो.

क्रमांक म्हणजे लेण्याचे वय का?

नाही. वेरूळचे क्रमांक जागेच्या ओळीने दिलेले आहेत, खोदण्याच्या क्रमाने नाहीत. रामेश्वर (२१) आणि धुमार लेणे (२९) ही कैलासाच्या (१६) आधीची आहेत, असे अभ्यासक मानतात. रोमन असो वा मराठी, लेण्यावरचा आकडा हा पत्ता आहे, जन्मतारीख नाही.

सराव करा

१) एक्स-एक्स-आय-व्ही हे कितवे लेणे?
२) जगन्नाथ सभा या ३३ व्या लेण्याचा क्रमांक रोमन अंकांत लिहा.
३) १८८० हा सन लिहा.
४) ३४ पैकी कोणत्या लेण्याचा क्रमांक लिहायला सर्वाधिक अक्षरे लागतात?

उत्तरे: १) चोविसावे. २) तीन एक्स, तीन आय. ३) एम-डी-सी-सी-सी-एल-एक्स-एक्स-एक्स. ४) अठ्ठाविसावे: एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय, एकूण सहा अक्षरे. एक आय राहिला का, हे तपासायला २८ पुन्हा फोडा: २० साठी दोन एक्स, ८ साठी एक व्ही आणि तीन आय. दोन आणि चार, सहा. ३३ व्या लेण्यालाही सहाच लागतात. म्हणजे पहिला क्रमांक दोघांत विभागून.