मल्लखांबाचे प्राचीनत्व

दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांब निर्मिला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. आम्हांस हे मत ग्राह्य वाटत नाही. चालुक्यनृपति तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासां’त (इ. स. ११३१ च्या सुमारास) मल्लांच्या अभ्यासांत ‘स्तंभश्रम’, म्हणजे खांबावरील व्यायाम, सांगितला आहे. सबब दादांकडे पुनरुज्जीवनाचे श्रेय जाते. तेही थोडे नव्हे.

मात्र ‘मानसोल्लासा’वरून मल्ल या विद्येकडे का वळे, हे उमजत नाही, तेथे ती राजाचा विनोद आहे. ते पाहावयाचे तर ‘मल्लपुराण’ उघडावे. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्ल ब्राह्मणांचा हा ग्रंथ बडोद्यास १९६४ साली मुद्रित झाला. त्यांतही स्तंभश्रम येतो. परंतु येथे मल्लविद्या साक्षात् श्रीकृष्णाने दिलेला कुलधर्म आहे, आणि उदरनिर्वाहही.