फवारा केव्हा सुरू व्हावा?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या यंत्रावर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण हा विषय माझ्याकडे घरातूनच आला. माझ्या थोरल्या भावाचे छोटे गॅरेज आहे. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडले, म्हणून मला कॉलेजात येता आले. गेल्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या टर्बो मोटारीला त्याने पाण्याचा फवारा बसविला, आणि तो फसला. तेव्हा दादा म्हणाला, "तू कॉलेजात जातेस ना? मग पुस्तकात बघून सांग, चुकतंय कुठं." मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी यावर काय सांगणार? पण नाही म्हणवेना. अकरावीचे पदार्थविज्ञान उघडले आणि वाचत गेले.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली घेतले.

पण हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे टोक गरम होते, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. ३० अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली, तर पंप अगदी निर्दोष असला तरी ती ९५ अंशांच्या आसपास जाते. प्रत्यक्षातला पंप तिला १२० अंशांपर्यंतही नेतो. तापलेली हवा विरळ होते. शिवाय पेट्रोल इंजिनात तिच्यामुळे इंधन अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागते. म्हणून वाटेत इंटरकूलर बसवितात. हा रेडिएटरसारखाच ॲल्युमिनियमच्या पात्यांचा डबा असतो. आतून तापलेली हवा जाते, बाहेरून वारा लागतो.

चढावर गाडी सावकाश आणि इंजिनावर ताण मोठा असला, की तो वारा अपुरा पडतो. अशा वेळी इंटरकूलरच्या बाहेरील पात्यांवर पाणी उडवावयाचे. हे पाणी इंजिनात जात नाही, हे ध्यानात ठेवावे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच कारण येथे आहे. ३० अंशांचे पाणी १०० अंशांपर्यंत तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे साडेसातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ होण्यास लागते. पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात. पाणी उकळावे लागत नाही. वाऱ्यात उडून जातानाही ते पात्यांची उष्णता घेऊन जाते.

ही युक्ती जपानी गाड्यांनी प्रसिद्ध केली. सुबारूने १९९५ ते १९९७ अशी सलग तीन वर्षे जागतिक रॅली स्पर्धेत उत्पादकांचे विजेतेपद मिळविले, तर १९९६ ते १९९९ या चार वर्षांत मिट्सुबिशी चालविणारा टॉमी मॅकिनेन चालकांत विजेता ठरला. या कंपन्यांच्या इम्प्रेझा एसटीआय आणि लान्सर इव्होल्यूशन या विक्रीच्या गाड्यांच्या अनेक आवृत्त्यांत इंटरकूलरवर फवारा होता. काहींत तो बटणाने सुरू करावा लागे, तर काहींत आपोआप चालण्याचीही सोय होती.

दादाने बटणच बसविले होते. गिऱ्हाईक घाटाच्या आधीच बटण दाबून बसले. चार लिटरची टाकी चढ लागण्यापूर्वी रिकामी झाली आणि कोरडा फिरून पंप जळाला. मग दादाने बटण काढून प्रेशर स्विच लावला. टर्बोचा दाब वाढला की फवारा सुरू! आता गाव सोडताना, थंडगार पहाटेही, ॲक्सिलरेटर दाबला की पाणी उडू लागले. मी म्हटले, "मग तापमानावर चालव." पण नुसत्या तापमानावर चालविले तर फाटकापाशी उभ्या गाडीतही फवारा चालेल, आणि तेव्हा टर्बो काहीच काम करीत नसतो.

तात्पर्य, एक अट पुरत नाही. तीन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्यात: टर्बोचा दाब ठरावीक मर्यादेवर असावा, इंटरकूलरमधून बाहेर येणारी हवा तापलेली असावी, आणि टाकीत पाणी असावे. तिन्ही स्विच एकामागे एक जोडले, की एक जरी बंद असला तरी रिलेला वीज मिळत नाही आणि पंप थांबतो. पाण्यासाठी टाकीत तरंगता स्विच ठेवला.

आणखी दोन गोष्टी करणे भाग पडले. ५० अंशांना सुरू आणि ५० अंशांनाच बंद असे ठेवले, तर रिले सारखा टकटक करतो. म्हणून ५० ला सुरू, ४५ ला बंद असे अंतर ठेवले. दुसरे असे की सतत उडविलेले पाणी वाफ न होताच खाली गळते. म्हणून टायमर लावून दोन सेकंद फवारा आणि आठ सेकंद विश्रांती दिली. विश्रांतीतच खरे काम होते, कारण ओली पाती त्या वेळात वाळतात. चालू वेळ पाचपटीने घटल्यामुळे तेच पाणी पाचपट पुरू लागले.

या युक्तीच्या मर्यादाही सांगावयास हव्यात. हवा १० अंशांनी निवली तर तिची घनता तीन टक्क्यांच्या आसपासच वाढते; मोठा लाभ ठोके टळण्याचा आहे. पावसाळ्यातील दमट हवेत पाणी नीट उडत नाही. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले तर पात्यांवर पांढरा थर बसतो आणि तोच पुढे उष्णता अडवितो. म्हणून क्षार काढलेले पाणीच घालावे.

मे महिन्यात गिऱ्हाईक घाट चढून परतले, तेव्हा टाकीत निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक होते. दादाने मला एवढेच सांगितले, "हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून दे. पोरांना दाखवायला बरं." तो कागद आता गॅरेजच्या भिंतीवर, हत्यारांच्या फळीशेजारी चिकटविलेला आहे. प्रस्तुत लेख त्याच कागदावरून वाढविला आहे.