सरकार झालं गिऱ्हाईक!

दोस्तांनो, २००९ साली आलेला ‘थ्री इडियट्स’ पाहिलाय ना? त्यात होस्टेलच्या खिडकीबाहेर भिरभिरणारं, कॅमेरा लावलेलं ते यंत्र आठवतंय? ती नुसती सिनेमाची जादू नव्हती बरं का! ते खरंखुरं उडणारं ड्रोन होतं. आणि ते बनवणारी कंपनी आज आपल्या नवी मुंबईत, महापे इथं आहे. तिचं नाव आयडियाफोर्ज.

पवईच्या आय.आय.टी.त शिकलेल्या अंकित मेहता, राहुल सिंग, आशिष भट या दोस्तांनी ती २००७ मध्ये काढली. अशा नव्या कोऱ्या, नव्या कल्पनेवर उभ्या राहणाऱ्या उद्योगाला ‘स्टार्टअप’ म्हणतात. कल्पना डोक्यात असते, पण जागा, यंत्रं, पैसा, गिऱ्हाईक? सगळ्याचीच बोंब!

अंड्यातून पिल्लू बाहेर यायला ऊब लागते ना, तशी ऊब देणारं ‘साइन’ नावाचं केंद्र आय.आय.टी.त २००४ पासून आहे. बसायला जागा, प्रयोगाची सोय, जाणत्यांचा सल्ला. आयडियाफोर्ज तिथंच वाढली. आय.आय.टी. केंद्र सरकारची, म्हणजे पहिली ऊब सरकारीच म्हणायची.

पण पिल्लाला पुढं दाणेही लागतात. उडतं यंत्र विकत कोण घेणार? कोपऱ्यावरचा वाणी थोडाच घेणार! इथं देशाच्या संरक्षणासाठी संशोधन करणारी डी.आर.डी.ओ. मदतीला आली. दोघांनी मिळून ‘नेत्र’ हे ड्रोन तयार केलं. २०१३ मध्ये उत्तराखंडात महापूर आला, रस्ते वाहून गेले, तेव्हा डोंगरात अडकलेली माणसं शोधायला हेच ‘नेत्र’ आकाशात गेलं. जानेवारी २०२१ मध्ये तर लष्करानं या कंपनीला सुमारे दोन कोटी डॉलरची ऑर्डर दिली.

मला विचाराल तर सरकारची सगळ्यात मोलाची मदत हीच. अनुदानाचा चेक एकदाच वटतो. पण सरकारनं वस्तू विकत घेतली, की इतरांचाही विश्वास बसतो. महाराष्ट्र सरकारनं हे बरोब्बर ओळखलंय. ‘स्टार्टअप सप्ताहा’त निवडलेल्या २४ कंपन्यांना त्यानं बक्षिसाऐवजी १५ लाख रुपयांपर्यंतचं काम दिलं. करून दाखवा, पैसे घ्या!

आता जागेचं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांची रांग दिसते, ती एम.आय.डी.सी.ची वसाहत. हे महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं. भूखंड, रस्ते, पाणी यांची सोय ते करतं. महापे त्यातलंच. शहर वसवणाऱ्या सिडकोनं तर वाशी स्टेशनच्या डोक्यावरच संगणक कंपन्यांसाठी जागा काढली. लोकलमधून उतरा आणि जिना चढून कामाला लागा!

पण सरकार नेहमी पाठीशीच उभं असतं असं समजू नका हं. ऑक्टोबर २०१४ मध्ये विमान वाहतूक खात्याची एक नोटीस निघाली आणि सामान्य नागरिकांना ड्रोन उडवायला बंदी झाली. सुरक्षेची काळजी खरीच होती, पण शेतकरी, फोटोग्राफर, इंजिनिअर असे कितीतरी गिऱ्हाईक एका कागदानं दूर गेले. २०१८ मध्ये नियम आले तेही किचकट. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये नवे नियम झाले. २५ फॉर्म होते, त्यांचे ५ उरले. ७२ प्रकारच्या फिया होत्या, त्यांच्या ४ झाल्या. यासाठी तिजोरीतून काय गेलं? फारसं काहीच नाही. तरी आकाश मोकळं झालं!

जुलै २०२३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. मात्र मुख्य गिऱ्हाईक सरकारच असलं, की त्याची ऑर्डर लांबली तर गल्ला आटतो. २०२४-२५ मध्ये कंपनीची विक्री आधीच्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर आली. ऊब देणाऱ्याच्याच अंगणात किती दिवस दाणे टिपायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

जाता जाता एक सांगतो. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी केंद्र सरकारनं देशभरातल्या दहा हजार शाळांत ‘अटल टिंकरिंग लॅब’ दिल्यात. एकेका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान! तिथं ड्रोनची जुळणीही करता येते. तुमच्या शाळेत अशी लॅब आहे का? असली, तर तिची किल्ली कुणाकडे असते, ते उद्याच सरांना विचारा.