मशीनची केबल ऑपरेटरलाही कळली पाहिजे

भोसरी असो, नाशिकचे अंबड असो वा वाळूज असो, आयटीआय झालेली आपली कितीतरी मुले आज सीएनसी मशीनवर कामाला आहेत. घरी आईने विचारले, "आज उशीर का रे झाला?" तर उत्तर येते, "प्रोग्राम लोडच होत नव्हता." प्रोग्राम मशीनमध्ये जातो कसा आणि अडतो कशाने, हे आईला ठाऊक नसले तर नवल नाही. पण रोज मशीनसमोर उभ्या राहणाऱ्या मुलालाही ते ठाऊक नसावे, ही आम्हांस काळजीची गोष्ट वाटते.

सीएनसी म्हणजे आकड्यांच्या हुकमाने चालणारे यंत्र. टूल किती सरकावे, किती वेगाने कापावे, हे ओळीओळीने लिहिलेले असते. १९५२ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेने अशा यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले. त्या काळी हे हुकूम कागदी पट्टीवर भोके पाडून दिले जात. पुढे एका इंचात दहा अक्षरे असा पट्टीचा हिशेब ठरला. म्हणूनच जुन्या कंट्रोलरची मेमरी मीटरमध्ये मोजतात. ८० मीटर म्हणजे सुमारे ३२ हजार अक्षरे! पट्टीची जागा पुढे सिरियल केबलने घेतली. नव्या मशीनला मेमरी कार्ड वा पेन ड्राइव्ह चालतो. पण लहान वर्कशॉपमधली जुनी मशीने अजूनही केबलवरच चालतात.

ही केबल काम कशी करते? स्लॅब भरताना माणसे रांगेने उभी राहून घमेली वर देतात, ते आठवा. एका वेळी एकच घमेले पुढे जाते. वरचा अडला की ओरडतो "थांब", मोकळा झाला की "येऊ दे". केबलमधूनही अक्षरे अशीच एकामागे एक जातात. मशीनच्या "थांब"ला एक्स-ऑफ आणि "येऊ दे"ला एक्स-ऑन म्हणतात.

दोन्ही बाजूंचा ठेका मात्र एकच हवा. फॅनुक कंट्रोलरवर बहुधा ४८०० किंवा ९६०० बॉड रेट, ७ डेटा बिट, सम पॅरिटी आणि २ स्टॉप बिट असतात. आपल्या मशीनचे आकडे त्याच्या पॅरामीटरमध्ये पाहून तेच संगणकात भरावेत. सुरुवातीचा एक बिट धरून एका अक्षराला ११ बिट लागतात. म्हणजे ४८०० वर सेकंदाला सुमारे ४३६ अक्षरे जातात आणि ८० मीटरचा प्रोग्राम सव्वा मिनिटात पोहोचतो. प्रोग्रामच्या आरंभी व शेवटी % ही खूण असावी लागते.

केबलमध्ये मुख्य तारा तीनच. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाला जोडायचे, एवढेच सूत्र. संगणकाकडील ९ पिनांच्या जोडावर २ नंबर ऐकतो, ३ नंबर बोलतो. मशीनकडील २५ पिनांच्या जोडावर नेमके उलट. म्हणून २ ला २, ३ ला ३ आणि संगणकाच्या ५ ला मशीनचा ७ जोडावा. फॅनुकसाठी मशीनच्या बाजूला ४-५ आणि ६-८-२० एकमेकांस जोडतात. केबल लावताना वा काढताना दोन्ही बाजू बंद ठेवाव्यात, अन्यथा पोर्ट जळू शकतो.

आता मुद्द्याचे बोलू. अनेक फॅनुक मशीनवर "एक्स ५०." म्हणजे पन्नास मिलिमीटर. तोच टिंब वाटेत गळाला तर "एक्स ५०" म्हणजे मिलिमीटरचा फक्त विसावा भाग! टूल भलतीकडे जाते, जॉब फुटतो, प्रसंगी स्पिंडल खराब होते. पॅरिटी बिघडलेले अक्षर बहुधा पकडते. पण अक्षरच गळाले तर ती गप्प बसते. आणि दोष कुणाच्या माथी येतो? समोर उभ्या असलेल्या ऑपरेटरच्या!

आम्ही पडलो हिशेबाच्या वहीतली माणसे. जमा-नावे दोन्हींकडून जुळल्याशिवाय आम्ही पान उलटत नाही. इथेही तसाच ताळा घ्यावा. मशीनमध्ये गेलेला प्रोग्राम परत संगणकात मागवून मूळ प्रोग्रामशी पडताळावा. पाठविताना आधी घेणारी बाजू तयार करावी, मग देणारी सुरू करावी. पहिला जॉब लावण्यापूर्वी ड्राय रन घ्यावा.

दुसरी गोष्ट बॅटरीची. अनेक जुन्या कंट्रोलरमधील पॅरामीटर बॅटरीवर जिवंत असतात. बॅटरी संपली की ते पुसले जातात आणि मशीन दिवसेंदिवस बंद पडते. रोजंदारीवरच्या कामगाराला ते दिवस परवडतात काय? याच केबलने पॅरामीटर आधीच संगणकात उतरवून ठेवले, तर ते परत भरता येतात.

यातले काहीही इंजिनिअरच्या पदवीवाचून अडत नाही. मात्र हे ठाऊक नसलेला मुलगा बटण दाबणाराच राहतो आणि ठाऊक असलेला सेटर होण्याच्या वाटेला लागतो. तेव्हा पालकांनो, मुलाला एक वही घेऊन द्या. प्रत्येक मशीनचा बॉड रेट, पॅरिटी, पिनांची जोडणी आणि बॅटरी बदलल्याची तारीख त्याने स्वतःच्या हाताने त्यात लिहावी. सुपरवायझरच्या परवानगीने एकदा तरी प्रोग्राम स्वतः पाठवून, परत मागवून पाहावा.