उत्तरेच्या आकाशांत रेंगाळणारे उपग्रह

चेंडू सरळ वर फेंकला असतां तो हातांतून सुटतांना वेगानें निघतो, जसजसा वर चढतो तसतसा मंदावतो, आणि अगदीं वर पोंचल्यावर क्षणभर थबकून खालीं येऊं लागतो, हें तुम्हीं शेंकडों वेळां पाहिलें असेल. ह्याच नियमाचा आधार घेऊन संदेशवाहक उपग्रहांना पृथ्वीच्या उत्तर भागावर तासन् तास रेंगाळत कसें ठेवितां आलें, आणि त्या युक्तीचा दोन बलाढ्य राष्ट्रांस कोणत्या कामीं उपयोग झाला, हें येथें सांगावयाचें आहे.

घराच्या छपरावर दूरचित्रवाणीची जी डिश असते ती एकदां बसविली म्हणजे पुन्हां हलवावी लागत नाहीं. तिचें तोंड ज्या उपग्रहाकडे असतें तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपणांस तो एकाच जागीं स्थिर भासतो. मुंबई १९ उत्तर अक्षांशावर असल्यामुळें असा उपग्रह आपल्या आकाशांत चांगला उंच असूं शकतो. परंतु रशियाच्या उत्तरेकडील मुर्मान्स्क शहर ६९ अक्षांशावर आहे. तेथें असा उपग्रह क्षितिजापासून फार तर १२-१३ अंश वर येतो. मध्यें एखादी टेकडी आली कीं संदेश अडला. ८१ अक्षांशाच्या पलीकडे तर तो क्षितिजाखालींच राहतो. पूर्वीच्या सोव्हिएत संघाचा फार मोठा मुलूख उत्तरेकडे पसरलेला होता व त्याच्या पाणबुड्या आर्क्टिक समुद्रांत वावरत. तेव्हां केवळ विषुववृत्तावरील उपग्रहावर भिस्त ठेवणें त्यास शक्य नव्हतें.

ह्यावरील उपाय एका जुन्या नियमांत दडलेला होता. फळीवर दोन टांचण्या रोंवा, त्यांच्याभोंवतीं दोऱ्याचा सैल फांस टाका आणि तो पेन्सिलीनें ताणून धरून पेन्सिल फिरवा. जी आकृति निघेल तिला दीर्घवर्तुळ म्हणतात. एका टांचणीच्या जागीं पृथ्वीचा मध्य आहे असें समजा. अशा मार्गानें फिरणारा गोल जवळ आला म्हणजे जलद व दूर गेला म्हणजे मंद चालतो, हें केप्लर ह्या जर्मन ज्योतिर्विदानें १६०९ सालीं ग्रहांविषयीं दाखवून दिलें. उपग्रहांसही तोच नियम लागू आहे.

२३ एप्रिल १९६५ रोजीं सोव्हिएत संघानें अशाच लांबट कक्षेंत 'मोल्निया' नांवाचा उपग्रह सोडला. रशियन भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ वीज असा आहे. मोल्निया दक्षिण गोलार्धावर असतांना पृथ्वीपासून सुमारें ५०० किलोमीटरांवर येतो व सेकंदास जवळजवळ १० किलोमीटर वेगानें निघून जातो. उत्तरेकडे मात्र तो सुमारें ४०,००० किलोमीटर उंच चढतो, आणि तेथें त्याचा वेग सेकंदास दीड किलोमीटरच उरतो. एका फेरीस लागणाऱ्या सुमारें १२ तासांपैकीं ८ तास तो उत्तरेवर उपयोगी पडतो. रात्रीचे पहारेकरी जसे पाळी बदलतात, तसे तीन-चार उपग्रह एकामागून एक आले म्हणजे अहोरात्र संदेश चालूं राहतो. खालील तबकड्यांना मात्र उपग्रहाच्या मागोमाग फिरत राहावें लागतें.

येथें एक अडचण होती. पृथ्वी अगदीं वाटोळी नाहीं. विषुववृत्तापाशीं ती थोडी फुगलेली आहे. त्या फुगवट्याच्या ओढीनें दीर्घवर्तुळाची लांब बाजू हळूहळू वळत जाते, आणि उत्तरेकडील उंच टोंक कालांतरानें दक्षिणेकडे जावयाचें. परंतु कक्षा विषुववृत्ताशीं ६३.४ अंशांनीं कललेली असली तर हें वळणें थांबतें, असें गणितानें सिद्ध होतें. मोल्नियाची कक्षा सुमारें तितकीच कललेली ठेवीत.

ह्या उपग्रहांनीं सैन्याचे हुकूम वाहिले, आणि १९६७ पासून दूरदूरच्या शहरांना दूरचित्रवाणीही दिली. अमेरिकेनेंही अशा कक्षेंत आपले लष्करी उपग्रह ठेविले.

परंतु सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. १९६२ सालीं क्यूबामधील क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या कांठावर आलें असतां, ख्रुश्चेव्ह ह्यांचें एक लांब पत्र वॉशिंग्टनला पोंचून त्याचा उलगडा होण्यास जवळजवळ अर्धा दिवस लागला. ह्या अनुभवानें शहाणे होऊन १९६३ सालीं दोन्ही राष्ट्रांनीं आपल्या राजधान्या थेट तारेनें जोडल्या. पण समुद्राखालून व अनेक देशांतून गेलेली तार तुटण्याचें भय होतेंच. म्हणून १९७१ सालीं पुन्हां करार झाला, आणि १९७८ पासून हे निरोप एका बाजूनें इंटेलसॅट व दुसऱ्या बाजूनें मोल्निया ह्या उपग्रहांवरून जाऊं लागले. ज्या 'विजे'नें सेनापतींचे हुकूम नेले, तिनेंच शत्रूशीं बोलण्याची वाटही उघडी ठेविली.

मित्रहो, टांचण्यांचा तो प्रयोग घरीं अवश्य करून पाहा, आणि आईवडिलांसही दाखवा. उपग्रहानें कोठें रेंगाळावें हें गणित सांगतें. त्याच्याकरवीं काय बोलावें हें मनुष्यालाच ठरवावें लागतें.